छेदस्थानी काय? क्रूझ जहाजांच्या 'कार्यक्षमते'ची चिकित्सा

तत्त्वज्ञानाच्या माणसाने क्रूझ जहाजांच्या इंधनावर बोलायला उभं राहावं, हे काहींना चमत्कारिक वाटलं असेल. पण मी इंजिनांवर फार बोलणार नाहीये. मी बोलणार आहे एका शब्दावर आणि त्या शब्दाच्या पोटात बसलेल्या एका अपूर्णांकावर. शब्द आहे 'कार्यक्षमता'.

हा विषय आत्ताच का? ३० सप्टेंबर २०२४ ला आपल्या मुंबईतच 'क्रूझ भारत मिशन' जाहीर झालं. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायची, असं त्याचं उद्दिष्ट. पुढच्या वर्षी सप्टेंबरात बॅलार्ड पियरला नव्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलचं उद्घाटन झालं. म्हणजे हा उद्योग आपल्याकडे आता रांगायला लागलाय. तो येताना स्वतःची भाषाही घेऊन येतोय: हरित, शाश्वत, कार्यक्षम. पाहुणा घरात घेण्याआधी त्याची भाषा समजून घ्यावी, एवढाच आजचा हेतू.

'कार्यक्षमता' हा आपला शब्द इंग्रजी शब्दापेक्षा प्रामाणिक आहे, असं माझं मत आहे. कारण त्यात 'कार्य' उघड बसलंय. कसलं कार्य, हे विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. मालगाडीचं कार्य सोपं आहे. हजार टन कोळसा पाचशे किलोमीटर नेला, त्याला इतकं डिझेल लागलं. डिझेल अंशस्थानी, टन गुणिले किलोमीटर छेदस्थानी. आलेली संख्या जितकी लहान, तितकी गाडी कार्यक्षम. शाळेत आपण हे अपूर्णांक शिकलो. पण शाळेत छेद कोणी ठरवला, हे विचारायची पद्धत नसते. छेद दिलेला असतो.

क्रूझ जहाजाचा छेद कोणी ठरवला? लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटना आहे, आयएमओ. तिने १ जानेवारी २०२३ पासून मोठ्या जहाजांना दरवर्षी श्रेणी द्यायला सुरुवात केली, ए पासून ई पर्यंत, अगदी आपल्या प्रगतिपुस्तकासारखी. सलग तीन वर्षं डी किंवा एकदा ई मिळाली, तर सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. या मोजमापाचं नाव कार्बन इंटेन्सिटी इंडिकेटर, सीआयआय. अंशस्थानी वर्षभरात सोडलेला कार्बन डायऑक्साइड. छेदस्थानी जहाजाची क्षमता गुणिले कापलेले सागरी मैल.

मालवाहू जहाजाची क्षमता म्हणजे ते किती टन माल उचलू शकतं ते. मग क्रूझ जहाजाची क्षमता कोणती? तुम्ही म्हणाल, प्रवासी. मलाही तेच उत्तर अपेक्षित होतं. पण नाही. क्रूझ जहाजाची क्षमता धरली जाते ती ग्रॉस टनेजमध्ये. आणि ग्रॉस टनेज म्हणजे वजनसुद्धा नव्हे, बरं का. ते आहे जहाजातल्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढलेलं एक माप. (गंमत बघा, हा 'टन' शब्द मुळात दारूच्या पिंपावरून आलाय. मध्ययुगात जहाजात वाइनची किती पिंपं मावतात, त्यावर जहाजाचं माप आणि कर ठरत. तेव्हा जागा मोजण्याला अर्थ होता, कारण जागेत माल असे.)

आता क्रूझ जहाजाच्या बंदिस्त जागेत काय असतं? खोल्या असतात. शिवाय थिएटर, कॅसिनो, दुकानांची गल्ली, बर्फावर स्केटिंग करण्याचं रिंगण, दोन-तीन मजली उपाहारगृहं. या सगळ्या जागेचं घनफळ 'क्षमता' म्हणून छेदात जातं. म्हणजे या सूत्राच्या दृष्टीने जहाजाचं कार्य काय? स्वतःच्याच भिंतींमधली हवा इथून तिथे नेणं.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. मराठीत 'घरात कार्य आहे' म्हटलं की ते लग्नमुंजीचं असतं. समजा दोन मंगल कार्यालयं आहेत. पाचशे पानं उठली, त्याला किती सिलिंडर लागले, हा आचाऱ्याचा हिशोब. कोणताही शहाणा यजमान पानामागे हिशोब मागेल. पण एखादा कार्यालयवाला म्हणाला की नाही, आमचे सिलिंडर मोजा ते हॉलच्या चौरस फुटामागे! आणि मग त्याने हॉल दुप्पट मोठा केला, पानं तेवढीच राहिली, थोडा गॅस जास्त जळला, आणि कार्यालयाच्या दारावर पाटी लागली: 'आमची कार्यक्षमता वाढली.' आपण हसू. क्रूझ जहाजाच्या बाबतीत आपण टाळ्या वाजवतो.

न्यायाने बोलायचं तर सूत्र करणारे इतके भोळे नाहीत. मोठ्या जहाजाला दर टनेजमागे कमी उत्सर्जन करावं लागेल, अशी उतरती रेषा त्यांनी आखलेली आहे. म्हणजे मोठं जहाज केवळ मोठं म्हणून फुकट गुण मिळवत नाही. त्याची तुलना त्याच आकाराच्या जहाजांशी होते. पण बघा, याचा अर्थ आकार हा प्रश्नाच्या बाहेरच राहिला. आणि माणसं तर सूत्रात नाहीतच. एकाच मापाची दोन जहाजं घ्या. एकात सहा हजार माणसं, दुसऱ्यात ऐसपैस दालनांमधून दोन हजार. दोघांना मुभा सारखीच. याच्याही पुढे जाऊ. तिसरं जहाज पूर्ण रिकामं आहे. एकही प्रवासी नाही, त्यामुळे एसी कमी, स्वयंपाकघर बंद, दिवे मालवलेले. ते समुद्रात निवांत गोल गोल फिरतंय. श्रेणी कोणाची चांगली येईल? रिकाम्याची! ज्या मोजमापात कोणालाही न घेता फिरणारं जहाज सगळ्यात हुशार ठरतं, त्या मोजमापाने नक्की काय मोजलं? तर्कशास्त्रात याला प्रतिज्ञेचं विपरीत टोकाला नेणं म्हणतात. इथे फार न्यावंही लागत नाही.

आता खरी जहाजं. १९८८ मध्ये 'सॉव्हरिन ऑफ द सीज' नावाचं जहाज समुद्रात उतरलं, तेव्हाचं जगातलं सर्वांत मोठं क्रूझ जहाज. सुमारे ७३ हजार ग्रॉस टनेज आणि खोलीला दोघं धरली तर सव्वादोन हजारांच्या थोडे वर प्रवासी. म्हणजे माणशी साधारण ३२. त्याच कंपनीचं 'आयकॉन ऑफ द सीज' जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीला निघालं. फिनलंडमधल्या तुर्कूला बांधलेलं, ३६५ मीटर लांब, वीस मजली, सुमारे २ लाख ४८ हजार ग्रॉस टनेज. खोलीला दोघं धरून प्रवासी ५,६१०. माणशी ४४. छत्तीस वर्षांत माणशी जागा तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढली. याचा अर्थ, इंजिनिअरांनी घाम गाळून दर टनेजमागे २७ टक्के इंधन वाचवलं, तरी दर माणशी आपण जिथे होतो तिथेच. सगळी बचत स्केटिंगच्या रिंगणाने खाल्ली. 'आयकॉन' नव्या जहाजांसाठीच्या आयएमओच्या मर्यादेपेक्षा २४ टक्के अधिक कार्यक्षम आहे, असं कंपनीने जाहीर केलं. हे विधान खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते खरं आहे, आणि त्याचा छेद पुन्हा ग्रॉस टनेजच आहे.

छेदाचा दुसरा निम्मा भाग म्हणजे अंतर. इथे तर मला जास्तच मौज वाटते. भौतिकशास्त्राचे विद्यार्थी अंतर आणि विस्थापन यांतला फरक पहिल्याच महिन्यात शिकतात. घरातून निघालात, गावभर हिंडलात, घरी आलात: अंतर पाच किलोमीटर, विस्थापन शून्य. क्रूझ जहाज मायामीहून निघतं आणि सात दिवसांनी मायामीला येतं. आपल्याकडेही मुंबईहून निघून, खोल समुद्रात राहून, मुंबईलाच परत अशी तिकिटं विकली जातात. पूर्वीची कोकण बोट आठवा. भाऊच्या धक्क्यावरून निघायची, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्लं करत पणजीला जायची. खोल पाण्यात थांबायची आणि पडावातून माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या काठावर यायच्या. ती बोट वाहतूक करत होती. तिला मैलात मोजणं रास्त. जे जहाज कुठेच नेत नाही त्याला मैलात मोजायचं, म्हणजे देवळाला प्रदक्षिणा घालणाऱ्याला 'किती किलोमीटर उरकले?' असं विचारण्यासारखं आहे.

आणि या चुकीच्या छेदाचे परिणाम कागदावर राहत नाहीत. क्रूझ जहाज हे तरंगतं हॉटेल असल्यामुळे बंदरात उभं असतानाही त्याला वीज लागते. मोठ्या जहाजाला दहा मेगावॅटच्या आसपास लागू शकते. ही वीज बहुतेक वेळा जहाजाच्याच इंजिनांतून येते. म्हणजे बंदरात अंश वाढत राहतो आणि छेद हलत नाही. श्रेणी खालावते. मग श्रेणी सुधारायचा सोपा उपाय कोणता? बंदरात कमी थांबा आणि समुद्रात जास्त मैल कापा. एक जहाज दिवसभर धक्क्याला शांत उभं आहे, दुसरं नुसतं फेऱ्या मारतंय. जास्त इंधन दुसरं जाळणार, आणि श्रेणी त्याची बरी येणार. हा आक्षेप पर्यावरणवाल्यांचा आहे असं समजू नका. खुद्द क्रूझ उद्योगानेच बंदरातल्या वेळेबद्दल तक्रार केलेली आहे. त्यांची तक्रार बरोबर आहे. फक्त टनेजबद्दल त्यांनी असा आवाज उठवलेला माझ्या कानावर नाही.

आता थोडं इंजिनिअरांच्या बाजूने. कारण अशा व्याख्यानानंतर लोकांना वाटतं की सगळंच थोतांड आहे. तसं नाही. १९९८ मध्ये 'एलेशन' या क्रूझ जहाजावर पहिल्यांदा अ‍ॅझिपॉड बसवले. म्हणजे जहाजाच्या बुडाखाली फिरणारी शेंग, तिच्यातच विजेची मोटर, तिलाच पंखा. लांबलचक दांडा आणि वेगळं सुकाणू गेलं, आणि इंधन वाचलं. जहाजाच्या तळाखाली हवेच्या बुडबुड्यांची चादर सोडून पाण्याचं घर्षण कमी करतात. इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं करतात. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट वेगाची. जहाज ढकलायला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के कमी केला की शक्ती २७ टक्क्यांनी उतरते. वेळ जास्त लागतो तो धरूनही तेवढ्याच अंतराला ढकलण्याचं इंधन १९ टक्क्यांच्या आसपास वाचतं. मालवाहू जहाजाला उशीर परवडत नाही. क्रूझला तर सात रात्री काढायच्याच आहेत! संध्याकाळी सहाऐवजी चारला बंदर सोडलं तरी पुरतं. म्हणजे इथे इंधन वाचवायला यंत्र नको, वेळापत्रक पुरे. ही खरी बचत आहे आणि ती करणाऱ्यांचा मला आदर आहे.

इंधन बदलण्याची गोष्ट मात्र वेगळी. २०१८ मध्ये 'आयडानोव्हा' हे पूर्णपणे द्रवरूप नैसर्गिक वायूवर, म्हणजे एलएनजीवर चालू शकणारं पहिलं मोठं क्रूझ जहाज आलं. 'आयकॉन'ही त्यावरच चालतं. एलएनजीने गंधक आणि काजळी जवळजवळ जाते, हा बंदराकाठच्या माणसाच्या फुप्फुसांना खरा दिलासा आहे. तेवढ्याच ऊर्जेमागे कार्बन डायऑक्साइडही जाड तेलापेक्षा पाव भागाने कमी. सीआयआय फक्त कार्बन डायऑक्साइड मोजतो, त्यामुळे प्रगतिपुस्तक चमकतं. पण एलएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. क्रूझ जहाजांवर असतात त्या प्रकारच्या इंजिनांतून थोडा मिथेन न जळताच धुराड्यातून निसटतो. युरोपीय नियमांत तो ३.१ टक्के धरलाय. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा इंजिनांच्या धुराचं समुद्रावरच प्रत्यक्ष मोजमाप केलं, तेव्हा सरासरी ६.४ टक्के निघाली. आता शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या तीसपट तापवतो, वीस वर्षांच्या हिशोबात ऐंशीपटीहून जास्त. वहीवर करून बघा: ३.१ टक्के निसटला तरी त्या पाव भागाच्या बचतीतलं बहुतेक सगळं शंभर वर्षांच्या हिशोबातच संपतं. ६.४ ला उलटा तोटा. मघाशी छेद सैल होता. इथे अंशातूनच काही गळलंय, अगदी शब्दशः.

आता एक आक्षेप. सर, जगाच्या व्यापारी ताफ्यात क्रूझ जहाजं संख्येने एक टक्कासुद्धा नाहीत. एवढ्याशा चैनीवर इतकं कशाला? दुसरा आक्षेप याच्या उलट: ही चैनच आहे तर सरळ बंद करा, मोजमापाची चिकित्सा कशाला?

दुसऱ्याला आधी उत्तर देतो. मी आनंदाच्या विरोधात नाही. अ‍ॅरिस्टॉटलने एक भेद केलाय, तो इथे उपयोगी आहे. काही क्रिया दुसऱ्या कशासाठी असतात, ते मिळालं की संपतात. घर बांधणं तशी. काही क्रिया स्वतःतच पूर्ण असतात. पाहणं, विचार करणं तशा. क्रूझ दुसऱ्या जातीची क्रिया आहे. समुद्र बघत बसणं हेच तिचं साध्य. त्यात कमीपणा काही नाही. गडबड होते ती तिला पहिल्या जातीच्या मापाने मोजल्यामुळे. वाहतूक म्हणून मोजलं की तिला वाहतुकीची प्रतिष्ठा मिळते. दुसऱ्या कोणीतरी सोसण्याजोगी गरज असल्याचं सोंग आणता येतं. चैनीला चैन म्हणून मोजा, मग ती किती करायची ते माणसांना ठरवू द्या.

आणि पहिल्या आक्षेपाला उत्तर हे की हेच अपूर्णांक विमानांना, मोटारींना, इमारतींना लावले जातात. तिथे छेदातली गडबड गर्दीत लपते. इथे ती वीस मजली आहे, लपत नाही.

मग मोजायचं कसं? माणूस-रात्र हा सरळ छेद आहे. हॉटेलवाले रात्रीमागे भाडं लावतात, कंपनीसुद्धा आपला धंदा प्रवासी आणि दिवस यांतच मोजते. नफा मोजताना चालणारं माप धूर मोजताना का चालू नये? तोही निर्दोष नाही. खोलीत चारजण कोंबले की आकडा सुधारतो. मायामीला किंवा बार्सिलोनाला पोचण्यासाठी प्रवाशाने केलेलं विमान त्यात येत नाही. पण निदान त्यात माणूस आहे.

याच्याही पुढचं पाऊल म्हणजे छेदच काढून टाकणं. युरोपने ते केलंय. त्यांच्या उत्सर्जन-व्यापार व्यवस्थेत २०२४ पासून मोठी जहाजं आली, क्रूझसुद्धा. २०२४ च्या उत्सर्जनाच्या ४० टक्क्यांचे परवाने विकत घ्यायचे, २०२५ च्या ७० टक्क्यांचे, २०२६ पासून सगळ्याचे. आणि २०२६ पासून मिथेनही हिशोबात. किती टन सोडला, तेवढे पैसे. किती जागा, किती मैल, कोणी विचारत नाही. वातावरणालाही अपूर्णांक कळत नाहीत, त्याला टन कळतात. नॉर्वे तर आणखी सरळ वागला: वारसा यादीतल्या फियॉर्डमध्ये, गैरांगरसारख्या ठिकाणी, दहा हजार टनेजखालच्या प्रवासी जहाजांना २०२६ पासून शून्य उत्सर्जनाची अट, मोठ्यांना २०३२ पासून. इटलीने २०२१ मध्ये मोठी जहाजं व्हेनिसमधल्या जुदेक्काच्या कालव्यातून बाहेर काढली. ही आकाराबद्दलची विधानं आहेत. सूत्र जे विचारू शकत नव्हतं ते देशांनी विचारलं.

आता मुंबई. टर्मिनल झालं की पुढची चर्चा किनाऱ्यावरून वीज देण्याची होणार, आणि ती व्हायलाच हवी. अलास्कातल्या जूनोने २००१ मध्येच क्रूझ जहाजांना धक्क्यावर वीज दिली. पण जूनोची वीज पाण्यावरची. आपली तीन चतुर्थांशाच्या आसपास कोळशाची. बॅलार्ड पियरचा धूर थांबेल आणि तो डहाणूला नाहीतर चंद्रपूरला निघेल. तरीही मी म्हणेन, वीज द्या. धक्क्याला लागून माणसं राहतात, आणि जाड तेलाच्या धुरापेक्षा ते बरं. मात्र सीआयआयमध्ये किनाऱ्याची वीज शून्य धरली जाते, कारण जहाजावर इंधन जळलेलं नाही. आपण कोळशाच्या विजेवर उभ्या जहाजाला 'शून्य उत्सर्जन' म्हणायला लागलो, तर चंद्रपूरकरांना विचारून म्हणावं.

बंदर आपलं आहे, धक्क्याचे दर आपण ठरवतो. येणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून आपण दोन आकडे मागू शकतो: मागच्या वर्षी एका माणूस-रात्रीमागे किती उत्सर्जन, मिथेन धरून, आणि एकूण किती. त्याला नवा आंतरराष्ट्रीय करार लागत नाही. आयएमओच्या कार्बन आकारणीच्या आराखड्यावरचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षभर पुढे ढकलला गेला. त्याची वाट बघत बसायचं कारण नाही. दर ठरताना जी सुनावणी होईल, तिथे कोणीतरी उठून विचारलं पाहिजे की तुमच्या 'कार्यक्षम'च्या छेदात काय आहे. तुमच्यापैकी काहीजण त्या बाजूलाच राहता, माझगाव, डोंगरी, कुलाबा. तारखा येतील तेव्हा लक्ष ठेवा.

वेळ संपली आहे, घड्याळ दाखवतायत मला. चिठ्ठ्यांवरचे प्रश्न इकडे द्या. पहिली चिठ्ठी आहे, 'अणुऊर्जेवर चालणारी क्रूझ का नको?' बसा जरा, याला पाच मिनिटं लागतील.